शेजारी गेल्यावर सोसायटीत आठवणसभा कशी घ्यावी

गेल्या बारा वर्षांत आमच्या इमारतीत सहा शोकसभा झाल्या. पहिल्या तीन फसल्या. एकीत गेलेल्या काकूंचं नावच चुकीचं घेतलं गेलं. दुसरीत बाहेरून आलेल्या एका पुढाऱ्याने चाळीस मिनिटं स्वतःच्या कामांची यादी वाचली. तिसरीत सगळं जमलं, पण फोटोची फ्रेम सभा संपल्यावर आली. तिन्ही वेळा सेक्रेटरी मीच होतो, म्हणून चुका माझ्याच धरा.

हा लेख चार मजल्यांच्या, चाळीस-पन्नास माणसं जमतील अशा साध्या सोसायटीसाठी किंवा चाळीसाठी आहे. हॉल घेऊन, सूत्रसंचालक बोलावून करायच्या सभेसाठी नाही. आणि एक गोष्ट आधीच स्पष्ट करतो: सभा गेलेल्या माणसासाठी नसते, घरच्यांसाठी असते. घरच्यांनी त्याला बाप म्हणून, बायको म्हणून पाहिलेलं असतं. जिन्यात, गच्चीवर, पाण्याच्या रांगेत तो माणूस कसा होता, हे फक्त शेजाऱ्यांना ठाऊक असतं. तेवढं त्यांच्या हाती द्यायचं. बाकी सगळं सजावट.

## १. पहिले तीन दिवस: सभेचा विषय काढायचा नाही

या दिवसांत कामं वेगळी असतात. त्या घरात चूल पेटत नाही, म्हणून कोणत्या वेळचा डबा कुणाकडून हे दोन घरांनी आपसांत ठरवून घ्यावं. ठरवलं नाही तर पहिल्या दिवशी पाच घरांतून पिठलं-भात येतो आणि तिसऱ्या दिवशी काहीच येत नाही. कडू घासाची पद्धत नातेवाइकांकडे असेल तर त्यांना विचारूनच मध्ये पडा. चहाचा मोठा थर्मास, पाण्याचा जार, कागदी कप आणि जास्तीच्या दहा खुर्च्या एवढं खाली ठेवलं की निम्मं काम झालं. एक जण फाटकाशी थांबवा. लांबून येणाऱ्यांना मजला विचारत फिरावं लागू नये.

सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर बातमी घरच्यांनी सांगितल्याशिवाय टाकू नका. परगावची मुलगी अजून गाडीत असते आणि तिला बापाची बातमी ग्रुपवरून कळते. हे आमच्याकडे घडलंय. बातमीत नाव, वेळ, अंत्ययात्रा कुठून आणि किती वाजता एवढंच लिहा. आजार लिहू नका. बातमी टाकली की दोन दिवस ग्रुप ‘फक्त ॲडमिन’ वर ठेवा, नाहीतर चौऱ्याऐंशी ‘भावपूर्ण श्रद्धांजली’, तीन हलणाऱ्या पणत्या आणि मधेच कुणाचा तरी ‘शुभ सकाळ’ येतो.

थांबा: भेटायला गेलात तर निघताना ‘येतो’ म्हणू नका, नुसतं उठा. नव्या पिढीला हे कुणी सांगितलेलं नसतं. आणि उसनी दिलेली शिडी, ड्रिल मशीन, किल्ली असलं काही या दिवसांत मागायला जाऊ नका. तळमजल्यावरचे काका गेले तेव्हा दुसऱ्याच दिवशी दोघे जण आपापल्या किल्ल्या न्यायला दारात उभे होते.

## २. घरच्यांना विचारा, पण योग्य माणसाला

बायकोला किंवा थोरल्या मुलाला विचारू नका. ते कशालाही ‘हो, करा’ म्हणतात आणि नंतर त्यांनाच त्रास होतो. पुतण्या, जावई, धाकटी बहीण असं एखादं माणूस शोधा, जे घरातलं आहे पण अजून फोन उचलतंय. एकानेच जा. कमिटी घेऊन जाऊ नका.

काय विचारायचं ते लिहून न्या. सभा हवी का? हवी असेल तर कोणत्या दिवसानंतर? फोटो चालेल का, हार चालेल का? कोणता विषय अजिबात निघू नये? आणि कुणी बोलू नये असं वाटतं का? शेवटचा प्रश्न विचारायला जीभ अडखळते, पण विचारा. प्रत्येक घराचा एक भाऊबंदकीचा कोपरा असतो.

दिवस ठरवताना स्वतःच्या घरची पद्धत दुसऱ्यावर लादू नका. कुणाकडे दहावा-तेरावा होईपर्यंत बाहेरचं काही चालत नाही. बौद्ध कुटुंबात जलदान विधी आणि पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम ते स्वतः घेतात. तिथे वेगळी सभा न घेता त्यातच शेजाऱ्यांना दहा मिनिटं मिळतात का ते बघा. गुजराती किंवा मारवाडी शेजाऱ्यांकडे उठमणा, म्हणजे त्यांची शोकसभा, असते. मुसलमान घरात फोटो मांडणं बऱ्याचदा चालत नाही, आणि विधवा बाईची इद्दत, म्हणजे घरात राहून दुखवटा पाळायचा काळ, चार महिने दहा दिवसांची असते, तेव्हा त्यांना खाली बोलावण्याचा आग्रह धरू नये. ख्रिस्ती घरात महिन्याची मिस, म्हणजे चर्चमधली प्रार्थना, असते, त्याच्या आसपासचा रविवार सोयीचा पडतो. ‘नको’ म्हणाले तर विषय तिथेच संपवा. मग थेट चौथ्या टप्प्यावर जा. सभा न घेताही आठवणी गोळा करता येतात.

## ३. दिवस, वेळ, जागा

रविवार सकाळ साडेदहा किंवा शनिवार संध्याकाळ साडेसहा. याखेरीज कोणतीही वेळ धरलीत की निम्मी माणसं लोकलमध्ये असतात.

गच्ची छान वाटते, पण ज्यांना बोलायचं असतं ती माणसं सत्तरीची असतात आणि जुन्या इमारतीला लिफ्ट नसते. पार्किंगमध्ये घ्या. आदल्या रात्रीच गाड्या हलवायला सांगा. सकाळी सांगितलं तर एक गाडी हमखास कोपऱ्यात अडकून राहते, कारण तिचा मालक गावाला गेलेला असतो. पाण्याचा पंप सभेच्या वेळेत चालू होणार नाही ना ते वॉचमनला विचारा. मला हे चौथ्या सभेत सुचलं. रात्री उशिरापर्यंत लांबवायचा विचार असेल तर तो सोडा: रात्री दहानंतर लाउडस्पीकर चालत नाही, आणि जवळ इस्पितळ असेल तर शंभर मीटरच्या आत दिवसाही नाही.

खुर्च्या मंडपवाल्याकडून मागवताना अपेक्षेपेक्षा दहा कमी सांगा. चार माणसं उभी राहिलेली चांगली दिसतात, रिकाम्या रांगा चांगल्या दिसत नाहीत. पुढच्या ओळीत हात असलेल्या खुर्च्या ठेवा. घरच्यांना रडताना धरायला काहीतरी लागतं.

नोटीस बोर्डावर एवढंच लिहा: ‘तळमजल्यावरील आपले शेजारी श्री. अमुक यांच्या आठवणींसाठी रविवारी सकाळी साडेदहाला पार्किंगमध्ये जमू या. पाऊण तास.’ ‘पाऊण तास’ हे शब्द विसरू नका. किती वेळ बसायचंय हे कळलं की माणसं येतात.

तपासा: नाव आधार कार्डावर आहे तसं, आणि इमारतीत ज्या नावाने हाक मारत तसं, दोन्ही लिहून घ्या. सुरुवातीला सांगितलेल्या त्या गेलेल्या काकूंना सगळी इमारत सासरच्या टोपणनावाने ओळखायची. बोलणाऱ्याने नोटिशीवरचं नाव घेतलं आणि मागून कुजबुज सुरू झाली, ‘या कोण?’

## ४. आठवणी गोळा करणं

खरं काम इथे आहे आणि इथेच सगळे आळस करतात. सभेला आठ दिवस असतील तर त्यातले पाच यावर घालवा.

‘काकांविषयी काहीतरी सांगा ना’ असं विचारलं की एकच उत्तर येतं: ‘फार चांगला माणूस होता हो.’ त्यात काही नाही. नेमका प्रश्न विचारा. तुम्ही या इमारतीत राहायला आलात तेव्हा पहिल्या दिवशी ते काय म्हणाले? त्यांच्याकडून उसनं काय आणलंय? कशावरून भांडलात? भांडणाचा प्रश्न सगळ्यात चांगला. पाण्याच्या वेळेवरून सात वर्षं भांडणारी माणसंच एकमेकांना नीट ओळखत असतात.

आणि फक्त सभासदांना विचारू नका. दूधवाला, इस्त्रीवाला, कचरा नेणाऱ्या मावशी, वॉचमन, आधी राहून गेलेले भाडेकरू. तळमजल्यावरच्या काकांच्या वेळी इस्त्रीवाल्याने सांगितलं की त्याच्या मुलीचा अकरावी प्रवेशाचा ऑनलाइन फॉर्म काकांनी भरून दिला होता. दिवसभर सर्व्हर बसलेला असायचा, म्हणून तीन दिवस पहाटे चारला उठून. त्यांच्या बायकोला, म्हणजे तळमजल्यावरच्या काकूंना, इतकी वर्षं वाटत होतं की त्या आठवड्यात ते पित्तामुळे उठत होते. पित्ताचं औषधही आणून दिलं होतं त्यांनी. ही गोष्ट सभेत ऐकली तेव्हा त्या आधी हसल्या आणि मग रडल्या. त्या सभेत बाकी काही झालं नसतं तरी चाललं असतं.

पद्धत अशी ठेवा. शंभरपानी वही घ्या. प्रत्येक घराला उजव्या बाजूचं एक पान. डावी बाजू कोरी, कारण नंतर लोकांना आठवतं. ज्यांना लिहायचा कंटाळा आहे त्यांच्याकडून व्हॉइस मेसेज घ्या आणि तुम्ही उतरवा, त्यांच्याच बोलीत. ‘त्यो माणूस लई खमक्या व्हता’ याचं ‘ते अतिशय खंबीर होते’ करू नका. मुलांना चित्र काढू द्या, पण वाचायला उभं करू नका.

ज्या आठवणींत तारीख आहे त्या दोन जणांकडून पडताळून घ्या. २६ जुलै २००५ च्या पुराच्या रात्री कोण कुणाच्या घरात झोपलं, यावर आमच्याकडे तीन वेगवेगळ्या कथा होत्या आणि तिघांचीही खात्री होती. शेवटी तळमजल्यावरची गॅस सिलिंडरं जिन्यातून वर नेताना काकांच्या पायाचं बोट चेचलं, एवढ्यावर तिघं सहमत झाले. आम्ही तेवढंच वापरलं.

थांबा: पैसे, आजारपणाचा खर्च, मुलं बघत नव्हती, दारू, फ्लॅट कुणाच्या नावावर, यांतलं वहीत काहीही येऊ देऊ नका, कौतुकाच्या सुरातही नाही. ‘शेवटी फार हाल झाले’ हे वाक्य तर दिसलं की खोडा.

## ५. बोलणारे पाच, वेळ चार मिनिटं

पाचच. सहावा आला की पाऊण तासाचे दीड तास होतात. पाच जण वेगवेगळ्या बाजूंनी निवडा: एक जुना शेजारी, एक बाई, एक विशी-पंचविशीतलं कुणीतरी, एक कामानिमित्त येणारं माणूस, आणि एक ज्याचं त्यांच्याशी पटत नव्हतं पण ज्याला आता बोलायचंय. बाहेरच्या पाहुण्यांना बोलायला बोलावू नका. ते आपणहून आले तर पहिल्या ओळीत बसवा, पाणी द्या, माईक देऊ नका.

लिहूनच आणायला सांगा. ‘मी उत्स्फूर्त बोलतो’ म्हणणारा माणूस चार मिनिटांनंतर स्वतःच्या बायपासवर पोचतो. कागद मोठ्या अक्षरात, एकाच बाजूला लिहिलेला असावा. घरी दोनदा मोठ्याने वाचून घड्याळ लावायचं. मनातल्या मनात वाचलं की वेळ नेहमी कमी भरते.

मजकुराचा सांगाडा असा: तुमचा घर नंबर, एक प्रसंग, त्या प्रसंगातलं त्यांचं एक वाक्य, आणि खाली बसा. जन्म-शिक्षण-नोकरी सांगायची नाही, ती घरच्यांना पाठ असते. फरक बघा:

‘काका अत्यंत परोपकारी, मनमिळाऊ आणि सर्वांच्या अडीअडचणीला धावून जाणारे व्यक्तिमत्त्व होते.’

‘काकांच्या दारामागे एक फळी होती. तिच्यावर अकरा खिळे आणि अकरा घरांच्या किल्ल्या. प्रत्येकीला डॉक्टरी चिकटपट्टी आणि तिच्यावर बॉलपेनाने नंबर. माझी किल्ली मी वर्षातून चारदा विसरायचो. त्यांनी कधी काही म्हटलं नाही, फक्त चिकटपट्टीवर नंबराखाली चार रेघा ओढल्या होत्या.’

दुसरं बोलणाऱ्याला काका दिसत होते, म्हणून ऐकणाऱ्यालाही दिसले.

बोलताना रडू आलं तर? काही करायचं नाही. शेजारी बसलेल्याने कागद घेऊन उरलेलं वाचायचं, एवढं आधी ठरवून ठेवा. प्रत्येक बोलणाऱ्यामागे एक राखीव वाचक.

## ६. फोटो आणि मांडणी

फोटो लग्नातला नको, आयसीयूमधला तर नकोच. शेजाऱ्यांच्या मोबाइलमध्ये सोसायटीच्या गणपतीचे, कोजागिरीचे फोटो असतात. त्यातला हसतानाचा शोधा. मूळ फाइल मागवा आणि ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवायला सांगा. साध्या पद्धतीने व्हॉट्सॲपवरून आलेला फोटो मोठा छापला की चेहऱ्यावर चौकोन दिसतात. बारा बाय अठरा इंच पुरतो. फ्रेमवाल्याला सभेच्या तीन दिवस आधीची तारीख सांगा, सभेची नाही. काच चकचकीत नसावी, ट्यूबलाइट त्यातच दिसते.

टेबलावर पांढरी किंवा फिकी चादर, फोटो, समई, सुट्ट्या फुलांचं तबक. शेवंती, मोगरा, जे मिळेल ते. हार घरच्यांनी चालेल म्हटलं असेल तरच. शेजारी त्यांची रोजची एक वस्तू ठेवा: चष्मा, बाजाराची पिशवी, रेडिओ. काकांच्या वेळी आम्ही त्यांची टॉर्च ठेवली होती. लोक फुलं वाहताना तिच्याकडेच बघत होते. पंखा समईपासून लांब ठेवा. विझलेली समई बघून कुणीतरी वयस्कर माणूस अपशकुन म्हणतंच.

तपासा: माईक, एक्स्टेंशन बोर्ड, आडोशाला दुसरी काडेपेटी, टिश्यू किंवा हातरुमाल, पाण्याच्या बाटल्या पुढच्या ओळीत. स्पीकर माईकच्या पुढे ठेवा, मागे ठेवला की शिट्टी वाजते.

## ७. सभेचा क्रम

१. साडेदहाला ठरवलंय तर दहा पस्तीसला सुरू करा. घरचे बसल्यावर, आधी नाही.

२. सूत्र सांभाळणारा उठून फक्त नाव, वय आणि ‘या इमारतीत किती वर्षं’ सांगेल. दोन वाक्यं.

३. मौन आधी घ्या. शेवटी ठेवलं की माणसं आधीच उठून चपला शोधत असतात. दोन मिनिटं म्हणजे घड्याळात दोन मिनिटं. अंदाजाने घेतलेलं मौन चाळीस सेकंदांत संपतं, मी मोजलंय. उभं राहायच्या आधी मोबाइल बंद करायला सांगा, आणि संपल्यावर ‘बसून घ्या’ म्हणा. ‘धन्यवाद’ नको.

४. पाच बोलणारे. सगळ्यात कच्चा बोलणारा दुसरा, सगळ्यात ताकदीचा चौथा. पाचवा शांत माणूस. प्रत्येक नावाआधी ‘आता मी विनंती करतो की त्यांनी आपले मनोगत’ वगैरे लावू नका. ‘दुसऱ्या मजल्यावरच्या काकू’ एवढं पुरे. चार मिनिटं झाली की सूत्र सांभाळणाऱ्याने बोलणाऱ्याच्या शेजारी जाऊन नुसतं उभं राहावं. खोकण्यापेक्षा हे चांगलं लागू पडतं.

५. घरच्यांपैकी कुणाला बोलायचंय का, हे माईकवर विचारू नका. आधी विचारून ठेवलेलं असतं.

६. वही घरच्यांच्या हातात द्या. भाषण न करता.

७. फुलं. आधी घरचे, मग वयाने मोठे, मग बाकीचे, एका बाजूने येऊन दुसऱ्या बाजूने जायचं. सतरंजी आडवी आली तर म्हातारी माणसं अडखळतात, तिची कड चिकटपट्टीने बसवा.

८. चहा ठेवायचा की नाही, यावर दर वेळी वाद होतो. मी ठेवतो. चहा-बिस्किटाच्या दहा मिनिटांतच लोक घरच्यांशी खरं बोलतात.

थांबा: त्याच जागी, त्याच दिवशी मेंटेनन्स, गळती, रीडेव्हलपमेंट यांचा विषय काढायचा नाही. ‘सगळे जमलेच आहेत तर’ हे वाक्य कानावर पडलं की तिथल्या तिथे दाबा. वर्गणीची यादीही बोर्डावर लावू नका. मदत करायची असेल तर दोघांनी पाकिटातून, नाव न लिहिता.

## ८. सभेनंतरची कामं

पहिलं काम गेलेल्या माणसाच्या फोनचं. घरचे वैतागून सिम बंद करायला जातात. त्यांना थांबवा. बँकेचे, पेन्शनचे, विम्याचे ओटीपी त्याच नंबरावर येतात. शिवाय व्हॉट्सॲपचं खातं १२० दिवस वापरलं नाही की आपोआप जातं, आणि नंतर त्या फोनमधलं ॲप काढलं की त्यांच्या आवाजातले मेसेजही. ‘अरे मोटर बंद केलीस का’ असा अकरा सेकंदांचा व्हॉइस मेसेज आज कुणाला महत्त्वाचा वाटत नाही. एखाद्या मुलाने बसून चॅट आणि फोटो पेनड्राइव्हवर उतरवून द्यावेत.

मृत्यूची नोंद २१ दिवसांत करावी लागते, आणि दाखल्यावरचं नाव आधार, बँक आणि सोसायटीच्या शेअर सर्टिफिकेटवरच्या नावाशी अक्षरन् अक्षर जुळलं पाहिजे. दाखला छापण्याआधीच वाचून बघायला घरच्यांना सांगा. नंतर एका वेलांटीसाठी महिने जातात. प्रती पाच-सहा घ्यायला सांगा.

झाड लावायचं असेल तर पावसाळा सुरू झाल्यावर लावा, सभेच्या दिवशी नाही. एप्रिलमध्ये फोटोसाठी लावलेला आमचा बकुळ मे महिन्यात वाळला आणि त्याच्या पाटीवर आधी गेलेल्या त्या काकूंचं नाव तसंच राहिलं. दोन फूट लांब-रुंद-खोल खड्डा, शेणखत, आधाराला काठी, आणि दोन उन्हाळे पाणी कोण घालणार त्याचं नाव आधी. सोनचाफा, बकुळ, प्राजक्त चालतात. वड-पिंपळ भिंतीजवळ नको. झाड लावताना कुणी विचारत नाही, काढताना महापालिकेची परवानगी लागते.

वर्षश्राद्ध तिथीने असतं, त्यामुळे ते तारखेपेक्षा साधारण अकरा दिवस आधी येतं. मध्ये अधिक महिना आला तर गणित उलटं होतं. घरचे तिथी पाळतात की तारीख हे विचारून वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवा. पहिल्या दिवाळीत त्या घरी फराळ होत नाही. तेव्हा डबे जायला हवेत, आणि पहिल्या आठवड्यासारखं इथेही आधी ठरवून. तळमजल्यावरच्या काकूंकडे त्या वर्षी नऊ घरांच्या चकल्या आणि एकाही घराचा चिवडा नव्हता.

किल्ल्या, शिडी, पुस्तकं, भांडी असं उसनं गेलेलं सामान तेराव्यानंतरही मागू नका, घरचे आवरायला घेतील तेव्हा आपणहून देतील. काकूंनी दोन महिन्यांनी सगळ्यांना बोलावून किल्ल्या परत दिल्या. फळी आता दारामागे मोकळी आहे, एक खिळा सोडून. माझी किल्ली मी मागितली नाही, त्यांनीही काढली नाही. परवा पुन्हा विसरलो तेव्हा खाली जाऊन बेल वाजवली. त्यांनी किल्ली दिली आणि चिकटपट्टीवर बॉलपेनाने पाचवी रेघ ओढली.